डिजिटल अ‍ॅम्प मॉडेलर आणि ध्वनिमुद्रित गिटार-टोनची पुनर्निर्मिती

डिजिटल अ‍ॅम्प मॉडेलर हे विद्युत गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर, त्याला जोडलेला स्पीकर, स्पीकरसमोरचा मायक्रोफोन आणि गिटार व अ‍ॅम्प यांच्या दरम्यानची पेडल यांच्या वर्तनाची गणिती नक्कल करणारे उपकरण किंवा संगणकीय आज्ञावली आहे. गाजलेल्या ध्वनिमुद्रिकांतील गिटारचा आवाज घरच्या घरी, शेजाऱ्यांना त्रास न होता आणि मूळ उपकरणे विकत न घेता जवळपास तसाच निर्माण करणे हा या तंत्राचा एक प्रमुख वापर आहे. गिटारवादकांच्या बोलीत अशा आवाजाला ‘टोन’ म्हणतात आणि तो शोधण्याच्या खटपटीला ‘टोनचा पाठलाग’. हा पाठलाग पूर्णपणे यशस्वी होऊ शकतो का, याविषयी वादक, ध्वनिमुद्रक आणि अभियंते यांच्यात मतभेद आहेत. त्या मतभेदाचे मूळ बहुतेक वेळा टोन या शब्दाच्या अर्थातच असते.

टोन आणि त्याची साखळी

विद्युत गिटारमध्ये तारेची कंपने चुंबकीय पिकअप विद्युत संकेतात रूपांतरित करतो. हा संकेत क्षीण आणि ऐकायला रुक्ष असतो. श्रोत्याच्या कानी पडणारा आवाज पुढच्या टप्प्यांत घडतो. प्री-अ‍ॅम्पमधील निर्वात नलिका संकेत वाढवतात आणि मर्यादेपलीकडे गेल्यावर त्याचे माथे छाटतात. या छाटणीमुळे मूळ संकेतात नसलेले, मूळ कंप्रतेच्या पटीतील नवे स्वर निर्माण होतात आणि त्यालाच विरूपण किंवा डिस्टॉर्शन म्हणतात. त्यानंतर खर्ज, मध्य व तार यांची नियंत्रणे, पॉवर-अ‍ॅम्पच्या नलिका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि त्याची लाकडी पेटी असा क्रम लागतो. यांतील प्रत्येक घटक पुढच्या-मागच्या घटकांवर परिणाम करतो. उदाहरणार्थ, स्पीकरचा विद्युत संरोध कंप्रतेनुसार बदलतो आणि पॉवर-अ‍ॅम्प त्याला निरनिराळा प्रतिसाद देतो. जोराने छेडलेल्या स्वराला विद्युतपुरवठा क्षणभर अपुरा पडतो, व्होल्टेज किंचित खचते आणि स्वर दबून पुन्हा फुलतो. वादक त्याला ‘सॅग’ म्हणतात.

गिटारचा स्पीकर हा संगीत ऐकण्याच्या स्पीकरसारखा सर्व कंप्रता समान वाजवणारा नसतो. सुमारे ५,००० हर्ट्झच्या वर त्याचा प्रतिसाद झपाट्याने उतरतो. विरूपित संकेतातील कर्कश भाग त्यामुळे गाळला जातो. स्पीकरचा टप्पा वगळून विरूपित गिटार थेट हेडफोनवर ऐकल्यास माशी गुणगुणल्यासारखा जो आवाज येतो, त्याचे कारण हेच आहे.

ध्वनिमुद्रिकेतील टोनमध्ये याच्याही पुढची साखळी मिसळलेली असते. मायक्रोफोनचा प्रकार, स्पीकरच्या मध्यापासून त्याचे अंतर व कोन, खोलीचा प्रतिध्वनी, मिश्रणफलकावरील प्री-अ‍ॅम्प, चुंबकीय फीत, कॉम्प्रेसर आणि शेवटी मिश्रण करणाऱ्याचे निर्णय हे सर्व त्यात येतात. शूर कंपनीचा १९६५ साली बाजारात आलेला एसएम५७ हा मायक्रोफोन गिटार-स्पीकरसमोर इतका सर्रास वापरला गेला आहे, की त्याचा मध्य-तार भागातील उठाव बहुसंख्य श्रोत्यांना गिटारचाच गुण वाटतो. स्पीकरसमोर तो दोन-तीन सेंटिमीटर सरकवला, तरी अ‍ॅम्पवरचे बटण फिरवल्याइतका फरक पडू शकतो.

इतिहास

अ‍ॅम्पची नक्कल करण्याची कल्पना डिजिटल युगाच्या आधीची आहे. बॉस्टन या रॉक चमूचे गिटारवादक आणि अभियंता टॉम शोल्झ यांनी १९८२ साली ‘रॉकमन’ हा हेडफोनवर ऐकायचा लहानसा अ‍ॅम्प आणला. डेफ लेपर्ड या चमूच्या ‘हिस्टेरिया’ (१९८७) या अल्बमवरील गिटार मोठ्या प्रमाणावर याच डबीतून ध्वनिमुद्रित झाल्या. भिंतीएवढ्या अ‍ॅम्पचा वाटणारा आवाज खिशात मावणाऱ्या यंत्रातून आला असल्याचे हे एक ठळक उदाहरण आहे. टेक २१ कंपनीचे ‘सॅन्सअ‍ॅम्प’ हे पेडल १९८९ मध्ये आले. ही दोन्ही उपकरणे अ‍ॅनालॉग होती.

डिजिटल नकलेचा आरंभ १९९०च्या दशकाच्या मध्यास झाला. जपानच्या रोलँड कंपनीची व्हीजी-८ ही यंत्रणा १९९५ मध्ये आली. तिला प्रत्येक तारेसाठी स्वतंत्र संवेदक लागत असे आणि ती अ‍ॅम्पबरोबर गिटारचीही नक्कल करत असे. अमेरिकेतील लाइन ६ कंपनीने १९९६ मध्ये ‘अ‍ॅक्सिस २१२’ हा मॉडेलिंग अ‍ॅम्प आणि १९९८ मध्ये राजम्याच्या दाण्याच्या आकाराचा, लाल रंगाचा ‘पॉड’ बाजारात आणला. पॉडमुळे हे तंत्र घरोघर पोहोचले. त्याच वर्षी आलेल्या ‘अ‍ॅम्प फार्म’ने ते व्यावसायिक ध्वनिमुद्रणाच्या संगणकात आणले. त्या काळच्या प्रक्रियकांची क्षमता बेताची असल्याने ही मॉडेल सरळसोट होती. ओळखीचा आवाज त्यांतून निघे, परंतु बोटांचा जोर कमी-अधिक केल्यावर खरा अ‍ॅम्प जसा स्वच्छ किंवा खरखरीत होतो, तसा प्रतिसाद त्यांत अभावानेच मिळे. ‘डिजिटल म्हणजे निर्जीव’ हा समज याच पिढीतील यंत्रांमुळे रूढ झाला आणि यंत्रे सुधारल्यानंतरही बराच काळ टिकला.

फ्रॅक्टल ऑडिओ कंपनीच्या ‘अ‍ॅक्स-एफएक्स’ने (२००६) मंडलाच्या पातळीवर अधिक सूक्ष्म नक्कल आणली. जर्मनीतील क्रिस्टोफ केम्पर यांनी २०११ मध्ये वेगळी वाट धरली. त्यांचे यंत्र समोरच्या अ‍ॅम्पमध्ये ठरावीक चाचणी-संकेत पाठवते, परत आलेल्या आवाजाचे विश्लेषण करते आणि त्या अ‍ॅम्पची ‘प्रोफाइल’ साठवते. त्यामुळे अ‍ॅम्पची नक्कल करण्याचे काम कंपनीच्या प्रयोगशाळेतून वादकाच्या हाती आले. लाइन ६चा ‘हेलिक्स’ २०१५ मध्ये आला. त्यानंतरचा टप्पा न्यूरल नेटवर्कचा आहे. फिनलंडमधील आल्टो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९-२० च्या सुमारास दाखवून दिले, की खऱ्या अ‍ॅम्पच्या ध्वनिमुद्रणावर प्रशिक्षित केलेले नेटवर्क साध्या संगणकावर वादनाच्या वेगाने चालू शकते. फिनलंडच्याच न्यूरल डीएसपी कंपनीचा ‘क्वाड कॉर्टेक्स’, इटलीच्या आयके मल्टिमीडियाचा ‘टोनेक्स’ (२०२२) आणि स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांनी विकसित केलेली ‘न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर’ ही मुक्तस्रोत आज्ञावली ही या टप्प्याची प्रमुख उदाहरणे होत. शेवटची आज्ञावली विनामूल्य असल्याने पूर्वी महागड्या यंत्रातच मिळणारी अचूकता विद्यार्थ्यांनाही उपलब्ध झाली.

कार्यपद्धती

अ‍ॅम्पचे मॉडेल तयार करण्याच्या ढोबळमानाने दोन रीती आहेत. पहिलीत मंडलाचा आराखडा घेऊन प्रत्येक रोधक, धारित्र आणि नलिका यांची समीकरणे लिहिली जातात व ती सेकंदाला हजारो वेळा सोडवली जातात. अशा मॉडेलची सर्व बटणे मूळ अ‍ॅम्पप्रमाणे चालतात. दुसऱ्या रीतीत अ‍ॅम्प ही बंद पेटी मानली जाते. आत काय गेले आणि बाहेर काय आले, एवढ्यावरून नेटवर्क त्यांचा संबंध शिकते. त्यासाठी काही मिनिटांचा चाचणी-संकेत पुरतो. मात्र असे मॉडेल बहुधा अ‍ॅम्पच्या एकाच स्थितीचे छायाचित्र असते. बटण फिरवल्यावर मूळ अ‍ॅम्प कसा बदलला असता, हे त्याला ठाऊक नसते. डिले, कोरस, फेझर अशा काळानुसार बदलणाऱ्या किंवा दीर्घ स्मृती लागणाऱ्या परिणामांची नक्कलही या रीतीने नीट होत नाही. ते परिणाम वेगळ्या आज्ञावलींनी जोडावे लागतात.

स्पीकर, पेटी, मायक्रोफोन आणि खोली यांच्यासाठी ‘इम्पल्स रिस्पॉन्स’ वापरतात. अतिशय अल्प काळाच्या स्पंदाला, किंवा त्याच्याशी गणिती दृष्ट्या तुल्य अशा चढत्या कंप्रतेच्या संकेताला, ही साखळी काय प्रतिसाद देते त्याची ही नोंद असते. वादकाच्या संकेताशी तिचे संवलन केले, की तो संकेत त्या स्पीकरमधून जाऊन त्या मायक्रोफोनने टिपल्यासारखा ऐकू येतो. सेकंदाला ४८,००० नमुने या दराने २,०४८ नमुन्यांची अशी फाइल सुमारे ४३ मिलिसेकंदांची असते आणि जवळ ठेवलेल्या मायक्रोफोनसाठी ती सहसा पुरते. ही पद्धत रेषीय वर्तनापुरतीच खरी आहे. स्पीकर त्याच्या मर्यादेपर्यंत ढकलला गेल्यावर त्याचे स्वतःचे विरूपण सुरू होते, ते तिच्यात येत नाही.

डिजिटल विरूपणाची एक अंगभूत अडचण म्हणजे एलियासिंग. छाटणीतून निर्माण झालेला एखादा उच्च स्वर नमुनाकरणाच्या दराच्या निम्म्याहून वर गेला, तर तो नाहीसा न होता दुमडून खाली येतो. ४८,००० च्या दराने ३०,००० हर्ट्झचा घटक १८,००० हर्ट्झवर उमटतो. तो वाजवलेल्या स्वराच्या पटीत नसल्याने बेसूर असतो. उपाय म्हणून आतील गणित अनेकपट दराने करून नंतर अनावश्यक भाग गाळला जातो. जुन्या मॉडेलमध्ये वरच्या पट्ट्यांवर तार ओढताना जो काचेवर ओरखडा उठल्यासारखा आवाज येई, त्यात या दोषाचा मोठा वाटा होता.

घरातील मांडणी

किमान मांडणीत गिटार, ऑडिओ इंटरफेस, संगणक आणि हेडफोन किंवा मॉनिटर स्पीकर एवढेच लागते. संगणकाऐवजी स्वतंत्र मॉडेलर-यंत्रही चालते. गिटार इंटरफेसच्या ‘इन्स्ट्रुमेंट’ जोडणीत लावावी लागते. तिचा संरोध सुमारे १० लाख ओहम, म्हणजे अ‍ॅम्पच्या जोडणीइतका असतो. मायक्रोफोन किंवा लाइनच्या जोडणीत लावल्यास पिकअपवर भार पडून तार भाग मंदावतो आणि पुढे कितीही फेरफार केले, तरी तो पूर्णपणे परत येत नाही.

नवशिक्याच्या हातून सर्वाधिक दुर्लक्षित होणारी गोष्ट म्हणजे आत जाणाऱ्या संकेताची पातळी. मॉडेल विशिष्ट पातळी गृहीत धरून बनवलेले असते. इंटरफेसचे बटण जास्त उघडे असेल, तर स्वच्छ अ‍ॅम्पही खरखरतो आणि कमी असेल, तर भरदार मॉडेल लुळे पडते. एकाच मॉडेलविषयी दोन वादकांची मते टोकाची असण्यामागे बरेचदा एवढेच कारण निघते.

विलंब हाही व्यावहारिक प्रश्न आहे. ४८,००० च्या दराने १२८ नमुन्यांच्या एका बफरला सुमारे २.७ मिलिसेकंद लागतात. आत येताना व बाहेर जाताना मिळून आणि रूपांतराचा वेळ धरून एकूण विलंब याच्या काही पट होतो. तुलनेसाठी, हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे अ‍ॅम्पपासून ३ मीटर अंतरावर उभ्या असलेल्या वादकालाही आपला स्वर जवळजवळ ९ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. त्यामुळे १० मिलिसेकंदांच्या आतील विलंब बहुतेकांना खटकत नाही.

ऐकण्याची पातळी टोनच्या निर्णयावर थेट परिणाम करते. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनांनुसार हळू आवाजात मानवी कान खर्जाला, आणि काही प्रमाणात अतितारालाही, कमी संवेदनशील असतो. रात्री हेडफोनवर हळू आवाजात भरदार वाटेपर्यंत खर्ज वाढवलेला टोन दुसऱ्या दिवशी मोठ्या आवाजात घुमू लागतो, तो यामुळेच.

टोन जुळवण्याची रीत

अनुभवी वादक मॉडेलरच्या यादीत डोकावण्यापूर्वी मूळ ध्वनिमुद्रिका ऐकण्यात वेळ घालवतात. गिटार कोणत्या सुरात लावली आहे, पिकअप एकेरी वेटोळ्याचा आहे की दुहेरी, तो मानेजवळचा की ब्रिजजवळचा, एकच गिटार आहे की तोच भाग दोनदा वाजवून डाव्या-उजव्या बाजूंना ठेवला आहे, प्रतिध्वनी कुठे आहे, हे आधी ठरवावे लागते. ब्लॅक सॅबथचे टोनी आयोमी यांचे उदाहरण येथे बोलके आहे. कारखान्यातील अपघातात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावल्यामुळे ते बारीक तारा वापरत आणि ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’पासून (१९७१) अनेक गाण्यांत त्यांनी गिटार दीड स्वर खाली उतरवली. नेहमीच्या सुरात लावलेल्या जाड तारांवर त्यांचा अ‍ॅम्प हुबेहूब उभा केला, तरी तो जडपणा येत नाही.

त्यानंतर अ‍ॅम्प व स्पीकर निवडला जातो. येथे सर्वांत सार्वत्रिक चूक विरूपण जास्त ठेवण्याची असते. ध्वनिमुद्रिकेत गिटार दोनदा-चारदा वाजवून थर रचलेले असतात आणि बास गिटार व झांजा त्या थरांत मिसळतात. ऐकणाऱ्याला या सगळ्याची मिळून जी घनता जाणवते, ती तो एका गिटारच्या विरूपणातून आणू पाहतो. प्रत्यक्षात अनेक प्रसिद्ध गिटार-भाग सुटे ऐकले, तर अपेक्षेपेक्षा स्वच्छ आणि काहीसे सडपातळ वाटतात. गिटारचा सर्वांत खालचा नेहमीचा स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा आहे. मिश्रण करणारे त्याखालचा भाग कापतात आणि पुष्कळदा त्याच्या वरचाही थोडा, कारण ती जागा बास व ड्रमची असते. सुटा ऐकताना सुंदर वाटणारा टोन गाण्यात हरवतो आणि गाण्यात शोभणारा टोन सुटा ऐकताना अपुरा वाटतो, हा विरोध समजेपर्यंत बहुतेक प्रयत्न वाया जातात.

तुलना करताना दोन्ही आवाजांची पातळी समान असावी लागते, कारण किंचित मोठा आवाज कानाला अधिक चांगला वाटतो. मूळ गाण्याचा कंप्रता-आलेख मोजून आपल्या टोनला आपोआप तसा आकार देणाऱ्या आज्ञावली उपलब्ध आहेत. परंतु पूर्ण मिश्रणावर त्या चालवल्यास गिटारबरोबर ड्रम आणि गायकाच्या आवाजाचाही आकार उचलला जातो. ‘डीमक्स’सारख्या यंत्र-शिक्षणावर आधारित आज्ञावली मिश्रणातून वाद्ये सुटी काढतात. त्यांनी काढलेली गिटार अभ्यासाला उपयोगी असली, तरी तिच्यात पाण्याखालून आल्यासारखे अवशेष राहतात आणि ते टोनचा भाग समजले जाण्याचा धोका असतो.

डिलेचा काळ मात्र अंदाजावर सोडण्याची गरज नसते. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याला ५०० मिलिसेकंद लागतात आणि त्याचा पाऊण भाग ३७५ मिलिसेकंद होतो. यू२ चमूचे गिटारवादक द एज यांच्या अनेक गाण्यांतील सरकती नक्षी याच पाऊण ठोक्याच्या प्रतिध्वनीवर उभी आहे. वादक सरळ आठव्या मात्रा वाजवतो आणि मधल्या जागा यंत्र भरते. हा काळ चुकला, तर अ‍ॅम्प कितीही अचूक असला तरी गाणे ओळखू येत नाही. उलट तो बरोबर असेल, तर साध्या अ‍ॅम्पवरही काम भागते.

काही गाजलेले टोन

जॉन मेयॉल यांच्या ‘ब्लूज ब्रेकर्स विथ एरिक क्लॅप्टन’ (१९६६) या अल्बमसाठी क्लॅप्टन यांनी लंडनमधील डेका स्टुडिओत गिब्सन लेस पॉल गिटार मार्शल अ‍ॅम्पला जोडून मंचावरच्या मोठ्या आवाजातच वाजवण्याचा आग्रह धरला. अभियंते गस डजन यांना ही पद्धत अपरिचित होती. त्या आवाजात पॉवर-अ‍ॅम्प, स्पीकर आणि गिटार हे तिन्ही एकमेकांना पेटवतात आणि स्वर लांबत जातो. ही गिटार त्याच वर्षी चोरीस गेली, त्यामुळे त्या टोनची कोणतीही नक्कल मूळ वाद्याशी ताडून पाहणे अशक्य झाले आहे.

मोठा आवाज म्हणजे मोठा अ‍ॅम्प, हे समीकरण मात्र टिकत नाही. क्लॅप्टन यांनीच ड्युएन ऑलमन यांच्यासह ‘लेला’ (१९७०) हा अल्बम मायामीत फेंडरच्या अवघ्या ५ वॅटच्या चॅम्प अ‍ॅम्पवर ध्वनिमुद्रित केला. जिमी पेज यांनी लेड झेपलिनच्या पहिल्या अल्बमवर टेलिकास्टर आणि लहानसा सुप्रो अ‍ॅम्प वापरला, जरी मंचावरील छायाचित्रांत त्यांच्यामागे मार्शलच्या भिंती दिसतात. छायाचित्रे पाहून मॉडेल निवडणारे येथे फसतात. बीटल्सच्या ‘रेव्होल्यूशन’ (१९६८) या गाण्यात तर अ‍ॅम्पच नव्हता. गिटार थेट मिश्रणफलकात जोडून त्यातील प्री-अ‍ॅम्प मर्यादेपलीकडे ढकलले गेले होते. अशा टोनसाठी अ‍ॅम्पची मॉडेल चाळणे निरर्थक ठरते.

एडी व्हॅन हेलन यांच्या पहिल्या अल्बमवरील (१९७८) टोनचा पाठलाग बहुधा सर्वाधिक झाला असावा. १०० वॅटचा मार्शल सुपर लीड, सर्व बटणे पूर्ण उघडी, एमएक्सआरचे फेझ ९० पेडल आणि एकोप्लेक्स ही सामग्री ज्ञात होती. मधला दुवा होता व्हेरिअ‍ॅक, म्हणजे पुरवठ्याचे व्होल्टेज बदलणारे यंत्र. सुरुवातीच्या मुलाखतींत त्यांनी आपण व्होल्टेज वाढवत असल्याचे सांगितले. ते ऐकून अनेकांनी आपले अ‍ॅम्प जाळून घेतल्याचे सांगितले जाते. प्रत्यक्षात ते व्होल्टेज सुमारे ९० पर्यंत खाली आणत होते. आज मॉडेलरमध्ये व्हेरिअ‍ॅकचेही बटण असते आणि ते चुकीच्या दिशेने फिरवण्यात धोका नसतो. त्या अल्बमवर गिटार मुख्यतः एका बाजूला आणि तिचा प्रतिध्वनी दुसऱ्या बाजूला ठेवलेला आहे. हे अंतर तयार केल्याशिवाय नुसता अ‍ॅम्प कोरडा वाटतो.

क्वीन चमूचे ब्रायन मे यांची साखळी चांगलीच नोंदली गेली आहे. वडिलांच्या मदतीने घरी बनवलेली ‘रेड स्पेशल’ गिटार, ट्रेबल बूस्टर, व्हॉक्स एसी३० आणि प्लास्टिकच्या तुकड्याऐवजी सहा पेन्सचे नाणे ही ती साखळी आहे. बूस्टर वगळून नुसते एसी३०चे मॉडेल लावणाऱ्यांची निराशा ठरलेली. नाण्याची दातेरी कड तारेला घासते तेव्हा स्वराच्या सुरुवातीला जी खरखर येते, ती कोणत्याही यादीत मिळत नाही. ती हातात घ्यावी लागते. मे यांच्या वाद्यवृंदासारख्या थरांसाठी चमूतील जॉन डीकन यांनी टाकून दिलेल्या मंडलातून बनवलेला एक लहान ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पही वापरला गेला.

डायर स्ट्रेट्सच्या ‘मनी फॉर नथिंग’ (१९८५) या गाण्याचा टोन अपघाताने मिळाला. माँटसेराट बेटावरील एअर स्टुडिओत ध्वनिमुद्रक नील डॉर्फ्समन मायक्रोफोनची मांडणी करत असताना एक मायक्रोफोन जमिनीकडे झुकलेला होता आणि दुसरा स्पीकरवर नीट रोखलेला नव्हता. मार्क नॉफ्लर वाजवत असताना नियंत्रण-कक्षात आलेला आवाज इतका वेगळा होता, की मांडणी तशीच ठेवण्यात आली. तो आवाज पुढे पुन्हा मिळवणे त्यांनाही साधले नाही. मॉडेलरवर त्याच्या जवळ जायचे असेल, तर मायक्रोफोन मुद्दाम चुकीच्या जागी न्यावा लागतो किंवा वाह पेडल मध्यावर अडकवून तसा आकार द्यावा लागतो.

एसी/डीसीच्या ‘बॅक इन ब्लॅक’ (१९८०) अल्बमवरील अँगस यंग यांचा टोन मार्शल आणि गिब्सन एसजी यांनी पूर्णपणे साधत नव्हता. इटलीतील एका गिटारवादकाने अनेक वर्षे शोध घेऊन हे निदर्शनास आणले, की यंग वापरत असलेली शाफर-व्हेगा ही बिनतारी यंत्रणा संकेत दाबून-फुलवून आणि वाढवून अ‍ॅम्पला देत होती. केवळ तार टाळण्यासाठी घेतलेले साधन टोनचा भाग बनले होते. मॉडेल जितके अचूक होत गेले, तितके असे विसरलेले दुवे उघडे पडू लागले. पूर्वी सर्व दोष मॉडेलच्या माथी मारता येत असे.

मर्यादा आणि मतभेद

मॉडेलरविषयीची एक जुनी तक्रार अशी, की त्यात ‘खोलीत अ‍ॅम्प असल्याचा’ अनुभव नाही. ती बव्हंशी खरी आहे, पण दोष चुकीच्या जागी दाखवते. इम्पल्स रिस्पॉन्ससह ऐकलेला मॉडेलर मायक्रोफोनने टिपलेला आवाज देतो, म्हणजे स्टुडिओच्या नियंत्रण-कक्षातला. खऱ्या अ‍ॅम्पसमोर उभ्या असलेल्या माणसाला तो आवाज कधीच ऐकू येत नाही. ध्वनिमुद्रित टोनची पुनर्निर्मिती करताना ही उणीव नसून सोयच आहे. खरी अडचण अनुनाद-फीडबॅकची आहे. मोठ्या आवाजातील स्पीकर हवेमार्फत तारांना पुन्हा कंपित करतो आणि स्वर अखंड राहतो. हेडफोनवर हे घडत नाही. फझ फेससारख्या पेडलांचे गिटारच्या पिकअपशी असलेले थेट विद्युत नातेही इंटरफेस मध्ये आल्याने तुटते. गिटारचे बटण कमी केल्यावर असे पेडल ज्या रीतीने स्वच्छ होते, ते मॉडेलमध्ये साधणे कठीण असते.

अचूकता मोजण्यासाठी मूळ व नक्कल यांचे संकेत एकमेकांतून वजा करून काय उरते ते पाहतात. न्यूरल मॉडेलमध्ये हा उरलेला भाग फारच थोडा असू शकतो. आंधळ्या चाचणीत, म्हणजे कोणता आवाज कशाचा हे न सांगता ऐकवल्यावर, चांगले मॉडेल आणि मूळ अ‍ॅम्पचे ध्वनिमुद्रण यांतील फरक ओळखणे श्रोत्याला अवघड जाते. वाजवणाऱ्याच्या अनुभवाला ही चाचणी लागू होईलच असे नाही, कारण त्याचे हात आवाजाला प्रतिसाद देत असतात आणि स्पर्शातला लहानसा फरकही तो पुढच्या स्वरात उतरवतो.

‘टोन बोटांत असतो’ हे वाक्य या वादात सतत येते. टेड नुजंट यांना व्हॅन हेलन यांच्याच साधनांवर वाजवण्याची संधी मिळाली, तेव्हा आवाज नुजंट यांचाच आला, असा प्रसंग सांगितला जातो. छेडण्याची जागा, तार दाबण्याचा जोर, स्वर किती लवकर थांबवला आणि कंपनाची गती या गोष्टी मॉडेलरच्या आधी घडतात. तरीही हे वाक्य शब्दशः घेण्यात अर्थ नाही. स्वच्छ अ‍ॅम्पवर कोणाचीही बोटे विरूपण निर्माण करू शकत नाहीत. डेव्हिड गिल्मर यांनी पिंक फ्लॉइडच्या ‘कम्फर्टेब्ली नम्ब’मधील (१९७९) अखेरचा एकल-भाग अनेक वेळा वाजवून त्यांतील उत्तम तुकडे निवडून जोडला होता. ज्या सलगतेचे श्रेय त्यांच्या हातांना व हायवॉट अ‍ॅम्पला दिले जाते, तिच्यात कात्रीचाही वाटा आहे.

नावे, हक्क आणि जतन

अ‍ॅम्पच्या आवाजावर कोणाची मालकी असते, हा प्रश्न पूर्णपणे सुटलेला नाही. उत्पादकांची नावे व चिन्हे व्यापारचिन्ह म्हणून संरक्षित असल्याने मॉडेलर बनवणाऱ्या कंपन्या सूचक नावे देतात. हेलिक्समध्ये व्हॉक्स एसी३०च्या मॉडेलचे नाव ‘एसेक्स ए३०’ आहे, तर बोग्नर कंपनीच्या ‘शिवा’ अ‍ॅम्पच्या मॉडेलला ‘जर्मन महादेव’ असे नाव दिले आहे. भारतीय वादकाला या नावाचा उलगडा करण्यासाठी तक्ता पाहावा लागत नाही. दुसऱ्याने बनवलेल्या अ‍ॅम्पची प्रोफाइल विकण्याचा व्यवसायही उभा राहिला आहे. त्यात मूळ अ‍ॅम्पच्या रचनाकाराला सहसा काही मिळत नाही. दुसरीकडे, अ‍ॅम्पच्या इतिहासातच नक्कल आहे. मार्शलचा पहिला जेटीएम४५ हा फेंडर बासमनच्या मंडलावरून बनवला गेला होता.

निर्वात नलिकांचे उत्पादन आता रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथील मोजक्या कारखान्यांत होते. जुन्या अ‍ॅम्पमधील धारित्रे सुकतात, ट्रान्सफॉर्मर जळतात, स्पीकरचे कागदी शंकू फाटतात आणि दुरुस्तीनंतर आवाज बदलतो. एकाच कारखान्यातून एकाच वर्षी निघालेले दोन अ‍ॅम्पही सारखे वाजत नाहीत, त्यामुळे विशिष्ट अ‍ॅम्पची नोंद ही त्या एका वस्तूची नोंद असते. काही स्टुडिओ आणि संग्राहक आपल्या जुन्या अ‍ॅम्पची मॉडेल याच हेतूने करून ठेवतात. अशा नोंदीबरोबर अ‍ॅम्पची बटणे कोठे होती, कोणता मायक्रोफोन किती अंतरावर होता आणि संकेताची पातळी काय होती, हेही लिहून ठेवणे आवश्यक असते. देवाणघेवाणीत फिरणाऱ्या असंख्य फाइलींबरोबर ही माहिती नसते, आणि मग एखादे मॉडेल ‘प्रसिद्ध अ‍ॅम्पचे’ आहे या दाव्यापलीकडे ते पडताळण्याचा मार्ग उरत नाही.